डीव्हीडीच्या दारातला माणूस

भूत बघायचं असेल तर व्हीसीडी अगदीच कुचकामी. निदान डीव्हीडी तरी हवी. हे मी स्वानुभवावरून सांगतो.

सासूबाई राजापूरहून आमच्याकडे रत्नागिरीला राहायला आल्या, त्या मेव्हण्याच्या लग्नाची जुनी व्हीसीडी पिशवीत घालूनच. माझे सासरे, नाना, आता नाहीत. ते हलताना-बोलताना दिसतात तेवढे त्या चकतीतच. पण चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन!

"ह्यांचं नाक तरी नीट दिसू दे हो एकदा," सासूबाई म्हणाल्या.

झालं! मी पडलो घरचा चित्रतज्ज्ञ. (हे पद मी स्वतःच घेतलं होतं.) लग्नाची मूळ कॅसेट चिपळूणच्या फोटोग्राफरकडे पुरातून वाचून माळ्यावर पडली होती. तिच्यावरून मी डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे, दोन्ही करवून घेतल्या.

"साहेब, ब्ल्यू-रेवर जागा जास्त, चित्र कमी दाबून भरायला लागतं," तो म्हणाला. "अंधारातलंसुद्धा दिसेल हां!"

तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं.

भर दुपारी दारंखिडक्या लावून खोलीत काळोख केला. आधी व्हीसीडी. मांडवात नाना, मागे काळं दार, दारात एक पांढरा डाग. मग डीव्हीडी लावली. नानांना नाक आलं. आणि डागाला डोळे आले!

पांढराफटक चेहरा, पापणी न हलवता एकटक बघणारा. त्याखाली पांढरा सदरा, आणि सदऱ्याखाली काहीच नाही. पाय नव्हतेच! त्या लग्नाला मीही होतो, पण असला माणूस बघितल्याचं आठवेना. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"हा आपल्यातला नाय," सासूबाई पुटपुटल्या. "ह्यांच्यावरच नजर होती मेल्याची. म्हणून तर वर्षभरात गेले!"

"आई, काहीतरीच काय!" माझी बायको नीता म्हणाली, आणि माझ्या पाठीमागे येऊन बसली.

मी धीटपणे चित्र थांबवलं. चूक! आता तो टीव्हीतून नुसता बघतच राहिला.

"बंद करा! सगळ्या चकत्या भाट्याच्या खाडीत सोडा. मला नको काही बघायला!" सासूबाईंना रडू फुटलं.

मला फार वाईट वाटलं. त्यांना नाना दाखवायला निघालो होतो, आणि होते तेही घालवले.

शेवटी नारळ आला. तो टीव्हीपुढे ठेवून मीच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! हा जो कोण मेला दारात उभा आहे, त्याची नजर ह्या घराण्यावरून काढ, त्याला आल्या वाटेने घालव, आणि पुन्हा ह्या माणसांचा उंबरा चढू देऊ नको रे महाराजा!"

"होय महाराजा!" मायलेकी जोरात म्हणाल्या.

एवढा बंदोबस्त झाल्यावर मी ब्ल्यू-रे लावली. दारातला काळोख फिटला. सदऱ्याखाली काळी पँट निघाली. चेहऱ्यावर पावडरचे थर निघाले. आणि थरांच्या दोन्ही बाजूंना सुपासारखे कान!

"अहो," नीता किंचाळली, "हे तुम्ही!"

(तेव्हाच्या भरघोस केसांसकट मला कोणीच ओळखलं नाही. मीसुद्धा!) तो एकटक बघत होता ते खांबाला टेकलेल्या नीताकडे; आमचं लग्न तेव्हा व्हायचं होतं.

सासूबाई डोळे पुसत टीव्हीजवळ सरकल्या. नाना आता लख्ख दिसत होते. त्यांनी सावकाश मान वळवली. दारातल्या मला पाहिलं. दचकले. मग नीताचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात ढकललं, आणि बाहेरून कडी घातली!

सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. "ह्यांना तेव्हाच सगळं स्पष्ट दिसलेलं हो, जावईबापू!"

आता तेवढंच दृश्य त्या मागे नेऊन नेऊन दिवसातून चार वेळा बघतात. इतकं स्वच्छ चित्र मीच आणून दिलंय, बोलणार कुणाला?