टेपेवर टाकलेला रुमाल

भोरच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि निवांत चहाला जायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका संगणक केंद्रात मी टेपांचं कपाट सांभाळत होते. तिथले परदेशात शिकलेले शास्त्रज्ञही तेच करत. माहिती साठवायच्या टेपा सगळ्यांच्या होत्या, पण हे दिसेल तिच्यावर 'महत्त्वाचे, पुसू नये' लिहून मोकळे होत.

एका पावसाळ्यात वेल्ह्याच्या पावसाच्या नोंदींची, यंत्रासाठी भोकं पाडलेली कार्डं आली. तिथल्या एका मास्तरांनी वर्षानुवर्षं रोज सकाळी पाऊस मोजला होता. कार्डं दमटपणानं फुगत होती, आणि फुगलेलं कार्ड यंत्र वाचत नाही. टेप तातडीनं हवी होती, मोकळी मात्र एकही नव्हती.

मी सर्वांत मोठ्या साहेबांनी 'पुसू नये' लिहिलेल्या सहा टेपा यंत्रावर लावून पाहिल्या. चार कोऱ्या निघाल्या.

"बाई, त्या मी धरून ठेवल्यात."

"गाडी सुटली, साहेब. रुमाल उचला."

त्यांना काही कळलं नाही. ते कधी एसटीनं गेलेच नव्हते. दुपारपर्यंत सगळी कार्डं टेपेवर उतरली. वर मी 'वेल्हे, पाऊस' एवढंच लिहिलं.