आईचं कलकत्त्याचं वेळापत्रक

आमच्या घराने भारत पुष्कळ पाहिला आहे, पण मंगल कार्यालयांच्या आतून. पुणे म्हणजे मावसभावाचं लग्न, नागपूर म्हणजे आत्याच्या नातवाची मुंज, ग्वाल्हेर म्हणजे काकांचं तेरावं. बडोद्याला आम्ही चार वेळा गेलो आणि चारही वेळा स्टेशन, कार्यालय, कोणाचं तरी घर आणि परत स्टेशन असाच प्रवास झाला. तिथे पाहण्यासारखं बरंच काही आहे हे मला मागाहून मोबाइलवर कळलं.

त्यामुळे एका रविवारी चहा पिता पिता आई जेव्हा म्हणाली, "मला कलकत्ता बघायचंय, सात दिवस," तेव्हा बाबांनी साहजिकच विचारलं, "कोणाचं कार्य आहे?"

"कोणाचंच नाही. नुसतं बघायचंय."

बाबांनी कप खाली ठेवला. वीज मंडळातून निवृत्त झालेला हा माणूस कारणाशिवाय जिनासुद्धा उतरत नाही. मी त्या दिवशी राऊहून, इंदूरच्या शेजारच्या माझ्या सासरगावाहून, आले होते, दर रविवारी येते तशी. मला हे प्रकरण इतकं आवडलं की पुढे मी जवळजवळ रोजच फेरी मारू लागले.

आईने तीस वर्षं इथल्या मराठी शाळेत भूगोल शिकवला. हुगळी नदी, तागाच्या गिरण्या, बंदर हे सगळं ती न बघता फळ्यावर काढायची, आणि हात झटकून मुलींना म्हणायची, "हे पाठ करा, परीक्षेला येतं." एकटी म्हणून ती सगळ्यात लांब गेली ती तासाभरावरच्या हातोदला, परीक्षेच्या ड्यूटीवर. तेव्हासुद्धा संध्याकाळी बाबा तिला स्कूटरवर आणायला जायचे. शिकवलेलं एक तरी शहर स्वतःच्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या मर्जीने बघावं, एवढंच तिच्या मनात होतं. गुडघे अजून ऐकतात तोवर जाऊन येते, असं ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती.

दुसऱ्याच दिवशी तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीने रेघा मारून वेळापत्रक तयार केलं. सात दिवसांचे सात रकाने, रोज सहा तास, मध्ये मोठी सुट्टी. संग्रहालयाला सलग तीन तास दिले होते. हावडा पुलावरून पायी, जाऊन-येऊन. जुना वटवृक्ष, ज्याच्या पारंब्यांचं जंगल झालंय म्हणतात. सगळं पेन्सिलीने, कारण वेळापत्रक पहिल्या आठवड्यात बदलतंच, असं तिचं शाळेतलं मत. ते तिने फ्रिजवर लावलं आणि तिथेच चूक झाली.

बाबा रोज सकाळी राजवाड्याजवळ पोहे खायला जातात. आमचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे जाणं-येणं दहा मिनिटांचं. त्यांना लागतो दीड तास, कारण पोह्यांबरोबर ते घरातल्या बातम्याही वाटून येतात. त्या सकाळी त्यांनी कलकत्ता वाटलं.

दहा वाजता पहिली बेल वाजली. दारात बाबांच्या पोह्यांच्या कंपूतले एक काका, हातात शेवेचा पुडा.

"भिया, जाच राहिले हो तर एवढं नेऊन द्या. आमचे साढू आहेत तिकडे. बेचारे सेंवसाठी तरसतात."

इंदूर सोडून गेलेला प्रत्येक माणूस परमुलखात शेवेवाचून झुरतो आहे, यावर या शहराचा गाढ विश्वास आहे. हल्ली शेव सगळीकडे मिळते, घरपोच येते, हे इथे कोणाला सांगून बघा. "वो बात नहीं आती," असं म्हणून तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघतील. आणि पुडा हा नुसता पुडा नसतो. तो पोचवायचा म्हणजे घर शोधायचं, घर सापडलं की बसायचं, बसलं की "जेवल्याशिवाय कसं जाल?" अर्धा दिवस गेलाच. नाही म्हणायची सोय नाही, कारण उद्या आपल्यालाही कोणाच्या तरी हाती पुडा पाठवायचा असतो.

आठवड्याभरात दिवाणखान्यातल्या कपाटावर अकरा पुडे जमले. लवंगेची शेव, लसणाची शेव, पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याच्या दोन पिशव्या आणि एक लोणच्याची बरणी, जी कायम थोडी झिरपत असे. बाबा आनंदाने खोडरबर घेऊन वेळापत्रकासमोर उभे राहू लागले. संग्रहालयाचा पहिला तास साढूंकडे गेला, मग दुसरा, मग तिसराही. हावडा पुलाच्या जागी "मंडळातल्या जुन्या साहेबांची मेहुणी" आली. पारंब्यांचं जंगल एका बरणीने गिळलं.

त्यावर कडी म्हणजे मुक्कामाची सोय. साहेबांच्या मेहुणीने फोन करून बजावलं, "हॉटलात बिलकुल उतरायचं नाही. घर असताना?" बाबा तर विरघळलेच. मला मात्र पुढचं स्पष्ट दिसत होतं. पहिल्या दिवशी आई पाहुणी असेल, दुसऱ्या दिवशी "काकू, आपल्याकडची आमटी शिकवा ना" होईल, आणि तिसऱ्या दिवसापासून ती कलकत्त्यातल्या एका ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत असेल.

हे मला बघवेना. आता काहीतरी केलं पाहिजे, असं मी ठरवलं. खोटं बोलायला मला लहानपणापासून आवडतं आणि इथे तर ते पुण्यकर्म होतं. मी समोरच्या काकूंना बोलता बोलता सांगितलं, "कलकत्ता कॅन्सल. आम्ही पाटण्याला जातोय." पाटण्यात आमच्या गल्लीचं कोण असणार, असा माझा हिशेब. संध्याकाळपर्यंत पाटण्याचे दोन पुडे आले. कलकत्त्याचे कोणी परत नेले नाहीत. "गाडी उधरसेच तर जाते," असं एकाने समजावलं.

मग मी ट्रिपच रद्द झाल्याचं जाहीर केलं. त्यावर सगळ्यांना वाटलं घरात कोणी आजारी आहे. तीन दिवस लोक केळी आणि मोसंबी घेऊन येत होते. बाबा तब्येतीने ठणठणीत असूनही पलंगावर बसून विचारपूस करून घेत होते, आणि जाताना प्रत्येक जण म्हणत होता, "ठीक झाल्यावर जालच ना? पुडा राहू द्या."

 या सगळ्यात आई मटार सोलता सोलता फ्रिजकडे बघायची आणि म्हणायची, "बघू." मला तिची फार दया यायची. मी तिला धीर दिला, "तू काळजी करू नकोस, मी आहे ना बरोबर." कारण मीही जाणारच होते. गुरुवारी साड्यांचा बाजार आणि शनिवारी मिठाईची दुकानं, एवढं मी आधीच वेळापत्रकात भरून टाकलं होतं. पेनने. पेन्सिलीचं बाबा खोडतात.

त्यानंतरच्या रविवारी मी तिकिटं काढायला बसले. बाबांचं वय टाकलं, माझं टाकलं, आणि आईला म्हटलं, "तुझं आधार कार्ड दे."

"माझं राहू दे," ती म्हणाली. "माझं झालंय."

ती आत गेली आणि शिवणाच्या डब्यातून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. जातानाचं तिकीट, येतानाचं तिकीट, आणि एका छोट्याशा हॉटेलातली सात दिवसांची खोली. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं तिकिटांचं दुकान आहे, तिच्याकडे आई भाजी आणायला जाते असं सांगून गेली होती. "वर्गात तिला कधी नकाशा धड भरता आला नाही," आई म्हणाली, "पण तिकीट बरोबर काढलंन."

मी कागद दोनदा वाचला. प्रवासी एकच होता.

"आणि आम्ही?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही दोघं पुढच्या महिन्यात जा. पुडे घेऊन. ती माणसं तुमची वाट बघतायत, माझी नाही."

"एकटी जाणार? अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगू नका म्हणजे झालं."

मला हसू यायला हवं होतं, पण आला राग. बाबांचं ठीक आहे, पण मी? मी तिच्या बाजूने लढत होते, पाटणा काय, आजारपण काय, इतकी खटपट केली होती. मी तसं म्हटलंही. आईने फक्त फ्रिजकडे बघितलं. मीही बघितलं. गुरुवार आणि शनिवार माझ्या निळ्या शाईत होते, ठळक, खाली दोन रेघा ओढलेले.  बाबांनी तिची पेन्सिल खोडली होती, आणि मी तर पुन्हा खोडताच येऊ नये अशी तजवीज केली होती.

बाबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यांनी एक टॉर्च, एक शिटी आणि सामानाला बांधायची साखळी आणली आणि तिच्या बॅगेशेजारी ठेवली. सांगून नाही, नुसतीच ठेवली. त्या आठवड्यात ते रोज पोहे खायला गेले आणि एक शब्द न बोलता परत आले. आयुष्यातलं पहिलंच गुपित होतं त्यांचं. पोट नक्की दुखलं असणार.

स्टेशनवर आईने आम्हाला गाडी सुटेपर्यंतसुद्धा थांबू दिलं नाही. खिडकीपाशी बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "जा आता, ऊन होतंय."  परत येताना रिक्षात बाबा एकदाच म्हणाले, "तिला वरची बर्थ नाही ना मिळाली?" मी नाही म्हटलं.

पहिले दोन दिवस तिचे मेसेज आले, शाळेच्या हजेरीसारखे. पोचले. जेवले. संग्रहालय पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. मागे पाण्याचा आणि माणसांचा आवाज होता.

"आज काय काय पाहिलंस?" मी विचारलं.

"आज काहीच नाही गं. इथे नदीतून फेरीबोट जाते, तिच्यात बसले. पलीकडे गेले आणि तशीच परत आले. मग पुन्हा गेले."

बाबा फोनच्या अगदी जवळ वाकले. "अगं पण कशासाठी?"

"कशासाठीच नाही," आई म्हणाली. तिचा असा आवाज मी याआधी ऐकलेला नव्हता. "कोणी चला म्हणालं नाही, म्हणून बसून राहिले."

 बाबांनी विचारलं, "किती वेळा गेलीस?"

"चार. थांबा, ठेवते आता, पाचवी लागलीय," ती म्हणाली आणि तिने फोन बंद केला.