बाळंतिणीच्या खोलीत जावई

निमगाव सावाच्या साळुबाई पार वैतागून गेल्या होत्या. लेक श्रेया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली, पाचवी पुजली, शेक-धुरी, डिंकाचे लाडू, कशात म्हणून कमी नाही. आणि ही बया भिंतीकडं तोंड करून पडलेली! पोर रडून लाल झाली तरी हिचा हात पुढं येईना.

"अगं, घे की तिला!"

"आई, मला न्हाई जमत."

"न जमायला काय, ऊस तोडायचाय व्हय?"

शेजारची झुंबरबाई रोज डोकवायची आणि रोज नवीन काढायची. "बाहेरचं असंल बघ. दृष्ट काढ." साळुबाईंनी काढली. ओझरच्या विघ्नहराला हात जोडून साकडंही घातलं. पण जावयाला मात्र ताकास तूर लागू दिली नाही. लेकीच्या सासरी, लोणीला बातमी गेली, की तिथले म्हणायचे, पोरीचं डोकं फिरलंय.

जावई सूरज दर रविवारी यायचा. सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं जायचं नाही, ही घरची रीत. मग ओट्यावरच चहा, तिथंच बाहेर आणलेल्या तान्हीचं तोंड बघायचं आणि माघारी.

"मामी, श्रेया बरी हाय ना?"

"लई बरी."

अशातच एका रविवारी सकाळी श्रेया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, बाळाला तुझ्यापाशीच ठेव. मला तिची भीती वाटती. मी नसलेलीच बरी."

साळुबाईंच्या तोंडात टोमणा तयार होता. तो त्यांनी गिळला. लेकीला धरून खाली बसवलं. तेवढ्यात सूरजची मोटारसायकल थांबली आणि पुन्हा तोच प्रश्न आला.

"कुठली बरी!" साळुबाई ओरडल्याच. "जा आत, तुमीच बघा."

"पण मामी, सव्वा महिना..."

"त्याचं देव बघून घेईल. काढा चपला!"

त्याच दुपारी गाडी करून, बाळाला घेऊन तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही जणींचं मन असं आजारी पडतं. यात हिचा दोष नाही, बाहेरचंही काही नाही. औषधानं बरं होतं, पण हिला झोप मिळू द्या, एकटीला सोडू नका. सूरजचे डोळे भरून आले. "मला वाटलं, हिला मीच नकोसा झालोय."

तो मग मुक्कामालाच राहिला. झुंबरबाईला आयताच विषय मिळाला.

"अगं बया, जावई लंगोट धुतोय!"

"धुवू दे. हौस असंल तर तूबी धू."

"आन पोरीला झालंय तरी काय?"

"मन आजारी पडलंय. औषध चालू हाय. सांग जा गावभर."

औषधाचा गुण लगेच कुठला यायला! श्रेया पडूनच असायची. सूरज मात्र पोरीला टोपलं उचलावं तशी उचलायचा. साळुबाईंनी किती वेळा दाखवलं, पण व्यर्थ. एका दुपारी त्याने तशीच उचलली, आणि खाटेवरून आवाज आला, "अहो, मान धरा तिची."

बाळाच्या काळजीनं श्रेया पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. साळुबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि जावयावर खेकसल्या, "ऐकलं का? आमचं न्हाई, तर बायकोचं तरी ऐका!"