त्याचंही तारण

दर बुधवारी संध्याकाळी बोरीवलीला एका ताईंच्या हॉलमध्ये आमचा बायबलचा वर्ग भरतो. परवा पास्टर म्हणाले, "एकदा तारण झालं, पापांची क्षमा होऊन स्वर्ग नक्की झाला, की ते कधीच जात नाही. तुम्ही पडाल, चुकाल, पण प्रभू तुमचा हात सोडणार नाही." सगळ्यांचे चेहरे उजळले. माझं टाळकंच सटकलं.

कारण माझा आणि नवऱ्याचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला होता. मालाडला, चर्चच्या गच्चीवर ठेवलेल्या निळ्या टाकीत आधी तो उतरला, मग मी. पाण्यातून वर आला तेव्हा तो रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मी शेजारीच उभी होते. दोन वर्षांनी त्याने मला अशी कानाखाली मारली की डाव्या कानाने ऐकू येणंच बंद झालं. मी माहेरी आले, ती कायमची.

मी विचारलं, "बायकोला मारणाऱ्याचंही जात नाही?"

पास्टर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "त्याने खरा विश्वास ठेवला असेल, तर नाही."

म्हणजे स्वर्गातही हाच माणूस? त्याचं तारण जावं असं मला मनापासून वाटत होतं. पण त्याचं जाणार असेल, तर रोज प्रार्थनेत त्याचं वाटोळं मागणाऱ्या माझं कसं टिकेल?

शेवटी सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. मीही म्हटलं. मला ते एकाच कानाने ऐकू आलं.