लेकीच्या घरचा केक

कंधारच्या स्टँडवर सकाळची लातूर गाडी लागली होती आणि माय खिडकीतून आत सामान कोंबत होती. माझ्या लग्नाला आठवडा झाला होता. लातूरला सासरी दोन दिवस थांबून मी आणि संदीप पुण्याला जाणार होतो, त्याच्या भाड्याच्या एका खोलीत. ज्वारीचं पोतं, कारळाच्या चटणीचा डबा, कुकर, वरून दोन गोधड्या. कंडक्टर म्हणाला, मावशी, आता तुम्हीपण बसा म्हणजे झालं. अण्णा, माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. ते लांब उभे राहून गाडीची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. गाडी हलली तशी माय खिडकीला धरून चार पावलं चालली आणि म्हणाली, "येऊत आम्ही. पण पाणी प्यायचो न्हाई तुझ्याकडं. पाळणा हलू दे, मग महिनाभर बसून खाते."

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांनी तो कधीच गुंडाळून ठेवलाय. मायनं गुंडाळला नाही, कारण माय काहीच टाकून देत नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली.

वर्षा-दोन वर्षांनी दोघं पुण्याला येतात. उतरतात चिंचवडला, मायच्या मावसभावाकडे. माझ्याकडे येतात ते सकाळी अकराला, आणि सोबत काय, तर स्वतःची पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेला डबा. माझ्या डायनिंग टेबलावर, मी हौसेनं अंथरलेल्या लिननच्या पट्टीवर, माय डबा उघडते आणि भाकरी-पिठलं खाते. मी समोर बसून बघायचं. पाण्याचा ग्लास पुढं केला की ती बाटली वर करून दाखवते. अण्णा तेवढे हुशार, ते "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून सोसायटीच्या गेटबाहेर टपरीवर चहा पिऊन येतात. घरी लेक चहा करायला उभी, आणि बाप टपरीवर. गेटवरचा वॉचमन मला एकदा म्हणाला, मॅडम, तुमच्या बाबांना चहा लई आवडतो वाटतं. काय सांगू त्याला, कप्पाळ?

तुम्ही जे कोणी कंधार, बिलोली, मुदखेडकडून इकडं येऊन बसलात, तुम्हाला आईवडिलांचे नाना हट्ट ठाऊक असतील. कुणाचे लिफ्टमध्ये चढत नाहीत, कुणाचे एसी लावू देत नाहीत. ते परवडतं हो. आपल्याच घरात आपली आई पाहुण्यासारखी नाही, प्रवाशासारखी बसून जेवते, हे बघून मी खरंच बेजार झाले होते.

फ्लॅट घेतला तेव्हा मला वाटलं, आता सापडली पळवाट. मी मुद्दाम तो माझ्या एकटीच्या नावावर केला. मायला फोनवर म्हटलं, हे जावयाचं घर नाही, माझं आहे. आता तरी जेवशील? ती म्हणाली, "लेकीचंच ना? मग तर अजूनच न्हाई." दगडावर डोकं आपटून घ्यावं असं झालं मला.

त्या फ्लॅटमधली छोटी खोली दाखवताना ब्रोकर म्हणाला होता, ही किड्स रूम. सुरुवातीला आम्हीही तसंच म्हणायचो. मग दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, आयव्हीएफ एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की आता शरीराला त्रास देण्यात अर्थ नाही. आम्ही थांबलो. त्या खोलीत हळूहळू खोकी साठत गेली.

खोकी कसली, तर माझ्या नादाची. जानेवारी संपत आला की दुकानं आणि मोबाईल दोन्ही गुलाबी होतात, आणि मी येडी होते. बदामी आकाराची सिरॅमिक डिश, दोन मजली केक स्टँड, सुगंधी मेणबत्त्या, फेअरी लाइट्स, उशांचे गुलाबी अभ्रे. संदीपला यातलं काही कळत नाही. तो एकदा सुगंधी मेणबत्ती घेऊन फ्यूज शोधायला गेला होता. पण मला ते दोन आठवडे बरे जातात. ओव्हन लावायचा, कुकीज करायच्या, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या चॉकलेटात बुडवायच्या. घरात गोड वास असला की घर भरलेलं वाटतं.

एकदा मी चॉकलेटांचा डबा कंधारला ट्रॅव्हल्सनं पाठवला. म्हटलं, माझ्या घरात नको, त्यांच्या घरात तरी खातील. मायनं तो डबा सरळ अंगणवाडीत नेऊन दिला. फोनवर वर सांगते कशी, "पोरांनी लई आवडीनं खाल्लं. पुन्हा पाठव." मी फोन ठेवला आणि भांडी आपटत घासली.

या फेब्रुवारीत मावसमामाच्या मुलीचं लग्न चिंचवडला होतं. ते उरकून दोघं माझ्याकडे आले. नेमकी चौदा तारीख, व्हॅलेंटाइन डे. संदीप ऑफिसात होता. मी सुट्टी घेऊन पहाटेपासून राबले होते. दह्यावरचा, अंडं न घातलेला रेड व्हेलवेट केक, वर पांढरं क्रीम, स्टँडवर ठेवलेला. कडेनं स्ट्रॉबेऱ्या. बाल्कनीच्या दारावर कागदी बदामांच्या माळा.

माय दारातच थांबली. "हे काय, पत्त्यातले बदाम लावून राहिलीस घरभर?" अण्णा म्हणाले, "बदाम सात खेळायचं दिसतंय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, केककडे बघितलं, आणि पाय मोकळे करायला निघून गेले.

मायनं सोफ्यावर माझी ओढणी अंथरली, अभ्रे मळू नयेत म्हणून. मग माझ्या नव्या बदामी डिशमध्ये तिच्या डब्यातला ठेचा काढला. भाकरी मोडली.

मी म्हटलं, "माय, केकचा एक तुकडा."

"न्हाई बाई."

"अंडं नाही त्यात."

"अंड्याचं न्हाई गं. तुला ठाऊक हाय कशाचं ते."

"सगळी दुनिया खाते लेकीकडं."

"खाऊ दे दुनियेला. माझा पाळणा हलला की मीबी खाईन." आणि ती भाकरीचा घास ठेच्याला लावत, अगदी सहज म्हणाली, "ती छोटी खोली मोकळी करून ठेव आता. किती ती खोकी."

मला कसं आवरलं नाही, कुणास ठाऊक. तीन वर्षं मी हे सांगायचं टाळत होते. फोनवर कसं सांगणार, आणि गावी गेलं की तिथं सांगावंसं वाटत नाही. पण त्या क्षणी मला फक्त राग आला होता, ठेच्याचा, बाटलीचा, अकरा वर्षांचा.

"मूल होणार नाही, माय," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगून तीन वर्षं झाली. आम्ही बंद केलंय सगळं. आता तू काय जन्मभर माझ्या घरी पाणी पिणार नाहीस?"

मायचा घास हातातच राहिला. तिनं तो डब्यात परत ठेवला. झाकण लावलं. मग म्हणाली, "तीन वर्षं. आन् तू आज सांगून राहिलीस."

"काय सांगायचं होतं?"

"सांगायचं असतं गं. मी इथं डबा बांधून येत होते ते काय रिवाजासाठी? रिवाज गेला चुलीत. मला वाटायचं, म्या खाल्लं तर देव म्हणंल, हिच्या आईनंच आशा सोडली. मग मी कशाला देऊ?"

हे मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. मी तिला अडाणी म्हणत होते, हट्टी म्हणत होते, मैत्रिणींत बसून तिच्या बाटलीच्या नकला करत होते. आणि ही बाई ती बाटली माझ्यासाठी आणत होती.

ती उठली. बेसिनवर हात धुतले, पदराला पुसले. केकजवळ गेली, सुरी उचलली, आणि मला विचारलं, "कुठून कापायचा असतो?" मी म्हटलं, कुठूनही. तिनं कडेचा एक तुकडा कापला, बशीत घेतला, आणि उभ्यानंच घास तोंडात घातला. डोळे वाहत होते आणि ती चावत होती. मला धावत जाऊन तिच्या हातातली बशी काढून घ्यावीशी वाटली. राहू दे, माय, तू पी तुझ्या बाटलीतलं पाणी, असं म्हणावंसं वाटलं. पण ती खात राहिली, सगळा तुकडा संपेपर्यंत.

"गोड कमी पडलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. अण्णा आले. चपला काढता काढता त्यांचं लक्ष मायच्या हातातल्या बशीकडे गेलं. गणिताच्या मास्तरला उत्तर सांगावं लागत नाही. त्यांनी दुसरी चप्पल सावकाश काढली, दोन्ही नीट जोडून ठेवल्या, आत जाऊन हात धुऊन आले आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

कंधारला जाताना मी इतकी वर्षं "घरी चालले" म्हणायचे आणि पुण्याला "परत". या फ्लॅटला घर म्हणायला माझी जीभ वळत नव्हती, कारण माझी माणसं इथं जेवली नव्हती. आता जेवली. आता हे घर झालं, आणि ते अशा रीतीनं झालेलं मला नको होतं.

"वाढ," अण्णा म्हणाले. "मलाबी वाढ, बाई."

मी वाढलं.