सोफ्यावरचा टॉवेल

आमच्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे परदेशात, टार्निटला येतात तेव्हा बॅगेचं वजन ग्रॅमभरही वर जाऊ देत नाहीत. नियम मात्र वाट्टेल तेवढे आणतात.

गेल्या हिवाळ्यात मी दर शनिवारी जवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये मदतीला जायचे. तिथे बेघर लोकांना ब्रेकफास्ट देतात. बायकांसाठी सॅनिटरी पॅड्स जमवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे खोकी आमच्या घरी येऊन पडायची, तीही नेमकी देव्हाऱ्याशेजारी.

"अगं, देवासमोर हे काय मांडून ठेवलंयस?"

"पॅड्स आहेत आई, बॉम्ब नाहीत."

संध्याकाळी ऑफिसातून आले तर खोकी गराजमध्ये, आणि प्रत्येक पाकीट सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या कागदात गुंडाळून वर दोरा बांधलेला! मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. यात लाज कसली, जग कुठे चाललंय, वगैरे. त्यांनी शांतपणे शेवटच्या पाकिटाला गाठ मारली.

तसा भाषणाचा मला हक्कच होता म्हणा. लग्नानंतर दोन वर्षं, दर महिन्याला चार दिवस, याच बाईंनी मला खिडकीखाली वेगळ्या चटईवर बसवलं होतं.

शनिवारी "घरी भिंतींशी किती बोलू?" म्हणत त्याही हॉलवर आल्या. नाश्त्याला माझ्याच वयाची एक बाई होती. भाड्याचं घर सुटल्यापासून गाडीत राहत होती. तिनं सँडविच समजून पुडकं उघडलं आणि अख्ख्या टेबलासमोर पॅड्स बाहेर! 'बघा तुमचे पराक्रम' अशा नजरेनं मी सासूबाईंकडे बघितलं.

ती बाई मात्र हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हेच हवं होतं, पण उशीर झाला." बारा वाजता तिला एक खोली बघायला जायचं होतं. घरमालकीण स्वतः भेटणार होती. पाळी सकाळी गाडीतच आली, जीन्स खराब झाली आणि दुसरी धुतलेली नव्हती. हॉलच्या टॉयलेटमध्ये नुसतं बेसिन. अशा अवतारात खोली कोण देणार?

मी आपली "ओह नो, सो सॉरी" करत बसले. सासूबाईंना इंग्रजी कळतं, पण बोलत नाहीत. त्यांचं लक्ष तिच्या कमरेला बांधलेल्या जॅकेटकडे होतं.

"सॉरी काय सॉरी! घरी ने तिला. आंघोळ करू दे."

घरी देव्हाऱ्यासमोरूनच बाथरूमकडे जावं लागतं. सासूबाईंनी तिला हाताला धरून तिथूनच नेलं. माझी काळी पँट दिली, स्वतःची नवी शाल दिली आणि आलं घालून चहा टाकला.

तेवढ्या वेळात मी एक काम केलं. आमचा नवा सोफा क्रीम रंगाचा आहे. मी कपाटातून जुना टॉवेल काढला आणि ती बसेल त्या जागी नीट अंथरला. सहज केलं हो, फार विचार केला नाही. तेच तर वाईट.

ती न्हाऊन आली. टॉवेल बघून क्षणभर उभीच राहिली, मग अगदी कडेला टेकायला लागली. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, टॉवेल ओढून काढला आणि तिला सोफ्याच्या मधोमध बसवलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "वेगळं बसवतेस होय गं हिला? चटईवर तू रडायचीस, विसरलीस?"

मी सगळे झोपल्यावर, पदर तोंडात धरून रडायचे. त्यांना ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळं माहीत होतं. मी पण रडायचे ना तशीच. तरी बसवलं तुला." त्यांनी टॉवेलची घडी घातली, मग उगाच उलगडून पुन्हा घातली.

संध्याकाळी त्या बाईचा मेसेज आला. खोली मिळाली होती, गुरुवारपासून. वाचून दाखवला तर सासूबाई सोफ्याकडे बघत म्हणाल्या, "डाग पडला का गं कुठे?"

"नाही, आई."

"पडला असता तर धुतला असता. त्यात काय!"