शोभाताईच्या बागेचा नंबर

आंब्याला परदेशात जायचं तर आधी बागेला सरकारी नोंदणीचा नंबर लागतो. माणसाला पासपोर्ट लागतो तसा. पण माणसाचा पासपोर्ट एकदाचा होऊन जातो. बागेच्या नंबरापायी आसगावच्या शोभाताईच्या नाकी नऊ आले होते, आणि तिच्या नादी लागलेल्या बायांच्या डोक्याला वेगळाच ताप झाला होता.

शोभाताई मूळची दिघोरीची. माहेरी धान, सासरी धान. लग्नानंतरचा पहिला पावसाळा तिनं रोवण्याच्या चिखलातच काढला. नवरा टिकाराम भला माणूस, म्हणजे इतका भला की भावकीच्या वाटणीत सगळ्यांनी पाण्याखालच्या धानाच्या बांध्या घेतल्या आणि याच्या वाट्याला वरची बरड आली, तरी हा म्हणाला, "चालते, काय बिघडते?" त्या बरडीवर पाणी थांबत नव्हतं, धान उभं राहत नव्हतं. टिकाराम म्हणाला, पडीत राहू दे. शोभाताईनं तिथं केशर आंब्याची कलमं लावली आणि उन्हाळाभर बोडीतून, म्हणजे गावच्या लहान तळ्यातून, डोक्यावर पाणी वाहून ती जगवली. गाव हसलं. गावाचं तोंड कोण धरणार? कलमं मोठी झाली, फळू लागली, तेव्हा हसणाऱ्यांतल्याच रुखमिणी, गोदावरीबाई आणि आणखी काही जणींनी आपल्याही बरडीवर आंबा लावला. का, तर शोभाताईनं सांगितलं म्हणून.

आता इथं खरी गोम होती. ठेकेदार मोहोरावर बाग घ्यायचा, फळं तोडायचा आणि कुठल्या बाजारात कोणाच्या नावानं विकायचा ते देवाला माहीत. शोभाताईला ते सलत होतं. आपण वाढवलेला आंबा आपल्या गावाच्या नावानं जावा, एवढंच तिला पाहिजे होतं. नागपूरच्या एका निर्यातदारानं तयारी दाखवली, पण अट घातली: बाग आणि पॅकहाऊस, म्हणजे आंबे निवडून बांधायची जागा, दोन्ही मंजूर पाहिजेत. आणि यंदा त्यानं निर्वाणीचं सांगितलं होतं, "ताई, तोडणीच्या आधी नंबर आला तर ठीक. नाही तर मी दुसऱ्या तालुक्यातली बाग धरतो. मग मला पुन्हा फोन करू नका." म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, आणि मग तिच्या शब्दावर झाडं लावून बसलेल्या त्या बाया पुन्हा ठेकेदाराच्या दारात.

बरं, नियम तरी किती. पॅकहाऊससाठी बागेच्या कडेला सिमेंटचं शेड पाहिजे, त्याला जाळी पाहिजे, हात धुवायला कोपरानं उघडणारा नळ पाहिजे. आंबा हाताळणाऱ्या बाईच्या हातात बांगडी नको. या एका बांगडीवर महिनाभर वाद चालला. गोदावरीबाई म्हणाली, "मालक जित्ता असताना मी हात उघडे कायले करू? आंबे खानाऱ्यायले माह्या बांगड्या दिसून राहिल्या का तिकडे?" शेवटी शोभाताईनं बांगड्यांवरून घट्ट लांब बाह्या चढवायची तोड काढली आणि ती वरच्या साहेबाकडून मान्य करून आणली. त्यासाठी भंडाऱ्याला किती खेपा झाल्या ते तिला विचारू नका, ती भांडायला उठते.

पहिली तपासणी तर ऐकण्यासारखी झाली. कृषी खात्याचे साहेब येणार म्हणून बायांनी शेड घासून लख्ख केलं. आणि मग, घरी पाहुणा येणार असला की जे करायचं असतं तेच केलं: शेडच्या दारापुढे आणि आत उंबऱ्यापर्यंत ताज्या शेणाचा दाट सडा टाकला, वर ठिपक्यांची रांगोळी काढली. साहेब गाडीतून उतरले, दारापर्यंत आले आणि तिथंच थबकले. जनावराची विष्ठा असलेल्या जागी खाण्याचं फळ बांधता येत नाही, एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली. रुखमिणी बिचारी हातात आरतीचं ताट घेऊन उभी. शोभाताईनं कपाळावर हात मारला, कारण शेण कालवताना पहिला हात तिचाच होता. दुसऱ्या वेळी शेड चकाचक होतं, सडाबिडा काही नव्हता, तर साहेबच आले नाहीत. निवडणुकीच्या कामाला जुंपले होते म्हणे.

पण सगळ्यात जड गेला तो पडलेल्या आंब्याचा नियम. फळमाशी फळात अंडी घालते, अळी झालेलं फळ गळून पडतं, आणि ते तसंच राहिलं तर पुढची माशी तिथूनच उठते. म्हणून खाली पडलेलं प्रत्येक फळ रोज वेचायचं, खोल खड्ड्यात गाडायचं, आणि बागेत बाहेरच्या कोणाला पाऊल टाकू द्यायचं नाही. नियम बरोबरच आहे, शोभाताईला तो पटलाही. पण गावात पडलेला आंबा मालकाचा नसतो. तो ज्याला दिसला त्याचा. टिकारामचा बाप जिवंत होता तोवर वारा सुटला की स्वतः बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून पोरांना हाका मारायचा, आणि टिकारामनंही आजवर कोणाला ना म्हटलं नव्हतं.

"खायची वस्तू मातीत गाडू?" टिकाराम म्हणाला. "मी नाई गाडत. तुले जे करायचं ते कर."

"मीच करते," शोभाताई म्हणाली. "तुमी फक्त तोंड बंद ठेवा, एवढं तरी होईन का?"

तेही त्याच्यानं झालं नाही. ती रोज झुंजूमुंजू असताना जाऊन पडलेले आंबे वेचायची आणि शेडच्या मागच्या खड्ड्यात टाकून माती लोटायची. एखादं फळ चांगलं निघायचं, एवढासा डाग असलेलं. तेव्हा तिचाही जीव तुटायचा, पण ती टाकायचीच. आणि इकडे टिकाराम गावात सांगत फिरायचा, "यंदा पडच नाई ना गा. नवीन खत टाकलं, देठ पक्का झाला." टिकाराम जन्मात खोटं बोललेला माणूस नव्हता, त्यामुळे गावानं विश्वास ठेवला. शोभाताईला हे कळलं तेव्हा ती त्याच्यावर चिडली, पण खोडून काढायला गेली नाही. तिलाही ते सोयीचंच होतं.

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी तिनं बायांना दम देऊन ठेवला होता: सडा नाही, हळदकुंकू नाही, नारळ तर मुळीच नाही. साहेब आले. नवे होते, तरुण, बोलायला चांगले. शेड बघितलं, नळ उघडून बघितला, जाळी बघितली, बायांच्या बाह्या बघून हसले आणि ठीक म्हणाले. मग बागेकडे निघाले. तोवर अर्धं गाव धुऱ्यावर जमलं होतं. पुढेच शेजारची मंदाबाई, आपल्या नातवंडांना घेऊन. शोभाताईनं सगळ्यांना हातानं मागे सारलं. लोक पाऊलभर मागे सरले आणि पुन्हा तेवढेच पुढे आले.

साहेबांनी झाडांवर टांगलेले माशीचे सापळे बघितले आणि विचारलं, "पडलेल्या फळांचं काय करता?" विचारलं कोणाला, तर टिकारामला. सातबारा त्याच्या नावावर ना.

टिकारामनं एकदा धुऱ्याकडे पाहिलं. "पडतच नाई साहेब," तो म्हणाला.

"काका, झाड म्हटलं की गळ असतेच."

"आमच्या बागेत नाई."

"मग फळं पुरायचा खड्डा?"

"खड्डा कायले पायजे? पडतच नाई तं."

शोभाताई खोकली. तिनं डोळे वटारले. तिनं त्याच्या सदऱ्याला मागून हिसका दिला, पण तो माणूस खांबासारखा उभा. मग ती साहेबांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "साहेब, खड्डा हाय. हे लोक गेले की दाखवते. तुमी चहा घ्या तवरक."

"ताई, मला पुढे आणखी दोन बागा आहेत," साहेब म्हणाले. "खड्ड्याचा फोटो इथूनच चढवावा लागतो. मालक म्हणतात खड्डा नाही, तुम्ही म्हणता आहे. मी काय लिहू?" ते रागावले नव्हते. त्यांना खरंच काय लिहावं ते कळत नव्हतं.

शोभाताईला त्या क्षणी टिकारामचा इतका राग आला की त्याला तिथंच धरून गदागदा हलवावं. सारा जन्म हा माणूस चांगला म्हणवून घेत आला, आणि त्याच्या चांगुलपणाचं ओझं वाहत आली ती. टिकाराम तिच्याकडे बघत होता. नको, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. पलीकडे गोदावरीबाई आणि रुखमिणी लांब बाह्यांतले हात पोटाशी धरून उभ्या होत्या. शोभाताईनं पदर खोचला, फावडं उचललं आणि ती शेडच्या मागे गेली. मागून साहेब, आणि साहेबांच्या मागून सगळं गाव.

तिनं वरची माती ओढली. आधी वास आला, मग आंबे दिसले. खालचे काळे पडलेले, मधले फुटलेले, आणि अगदी वर त्याच सकाळचे, पिवळे, नुसती माती लागलेले. साहेबांनी वाकून फोटो काढले. "उत्तम," ते म्हणाले. "असंच पाहिजे. बाकीच्यांना हेच सांगून सांगून आम्ही थकलो. तुमचा नंबर झाला समजा, ताई." गाडी निघून गेली तरी गाव हललं नाही.

मंदाबाई खड्ड्याच्या काठाशी आली. आत बघत उभी राहिली. पोरं तिच्या लुगड्याला धरून वाकून बघत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "हे पोरं रोज धुऱ्यावर येऊन बसत. मी म्हनो, यंदा वाराच नाई सुटला बाप्पा, आंबा कुठचा पडन, चाला घरी."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. भांडण शोभाताईला जमतं. तिच्याकडे उत्तर तयार होतं, नियमाचं, माशीचं, परदेशाचं. त्यातलं जे सगळ्यात खरं होतं ते तिनं सांगितलं.

"मंदाबाई, अळी असते वो त्याच्यात."

"असते ना," मंदाबाई म्हणाली. "आमी तेवढं कापून टाकतो. बाकीचं खातो."

मग ती पोरांना घेऊन गेली, आणि तिच्यामागून एकेक करून बाकीचेही गेले. गोदावरीबाई आणि रुखमिणी नंबर झाला म्हणून हसत जवळ आल्या आणि शोभाताईचं तोंड बघून आल्या पावली मागे वळल्या. टिकाराम तर केव्हाच बागेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता. इतक्या वर्षांनी पाहिजे होतं ते हातात आलं होतं आणि शोभाताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिला नवऱ्याचा राग आला, साहेबाचा आला, आंबा खाणाऱ्या त्या तिकडच्या लोकांचा आला, आणि कोणावरच तो टिकेना. खड्डा उघडा ठेवून चालत नाही, माशी बसते. तिनं पुन्हा फावडं घेतलं आणि त्या पिवळ्या आंब्यांवर माती ओढू लागली.